मडफ्लॅप जरूर लावा, पण आधी त्याच्याखाली फिल्म लावा

तुमचा प्रश्न वाचला. नवीन इलेक्ट्रिक गाडी, सात-आठ हजार किलोमीटर झालेत आणि पुढच्या चाकांमागे दाराखालच्या पट्टीवर बारीक बारीक टवके दिसायला लागलेत, तर मडफ्लॅप लावावेत का, भोकं पाडावी लागतात का, रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) कमी होते का, घरी लावता येतात का. मी माझ्या गाडीला लावून दोन वर्षं झाली, एकदा काढून परत लावले, आणि ते परत का लावावे लागले तेच मुख्य सांगायचंय.

आधी टवके कशामुळे पडतात ते बघा. खडा टायरच्या खाचेत अडकतो, चाक फिरताना मागच्या बाजूने वर येतो आणि तिथून सुटतो. सुटताना गाडीच्या हिशोबाने त्याचा वेग साधारण गाडीच्या वेगाइतकाच असतो, म्हणजे ८० च्या स्पीडला सेकंदाला २२ मीटर, आणि समोर असते ती दाराखालची पट्टी. पेट्रोल गाडीतही हे होतंच, पण इलेक्ट्रिकमध्ये तीन-चार गोष्टी एकत्र येतात. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, शून्यापासून मिळतो त्यामुळे सिग्नल सुटला की टायर रस्ता घासून खडी मागे फेकतो, गाडी जड म्हणून टायर बऱ्याचदा रुंद, आणि हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून बॉडी गुळगुळीत ठेवलेली, कडेने काळं प्लास्टिकचं क्लॅडिंग (पेंट वाचवणारं आवरण) नाही, कंपनीचे फ्लॅपही नाहीत. त्यात खालची पट्टी चाकाच्या रेषेपेक्षा जरा बाहेर आलेली असेल तर सगळा मारा तिच्यावरच.

आता माझं काय झालं ते. मी पहिल्यांदा फ्लॅप लावले तेव्हा गाडी धुतली, पुसली, फ्लॅप बसवले, झालं. वर्षभराने एक स्क्रू सैल वाटला म्हणून उजवा फ्लॅप काढला तर आत चिखलाचा एक पातळ थर वाळून बसलेला, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी कचकच, आणि तो पुसल्यावर पेंटवर फ्लॅपच्या कडेच्या आकाराची चंद्रकोरीसारखी मंद पांढरट रेघ. क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासला गेला होता. फ्लॅप कितीही घट्ट बसवला तरी चालताना बारीक थरथरतो, मागे पाणी आणि वाळू शिरते, आणि ती वाळू फ्लॅप आणि पेंटच्या मधे घासत राहते. म्हणजे खड्यापासून वाचवायला लावलेली वस्तूच पेंट खात होती. फार वाईट वाटलं होतं ते बघून, आणि म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितोय.

तर क्रम असा. आधी टवके बघा, मग फिल्म, मग फ्लॅप.

टवके बघायला टॉर्च समोरून मारू नका, पट्टीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरा, एकेक खड्डा सावली टाकतो. तळाला प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या थराचा, वेगळा रंग दिसत असेल तर अजून वेळ आहे, पण चकचकीत धातू किंवा तपकिरी ठिपका दिसला तर ते आधी नीट करा, गंज तसाच ठेवून वर फिल्म लावली तर तो आतल्या आत पसरतो. टचअप करायचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, बारीक ब्रशने थेंब थेंब, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा, ओल्या टचअपवर फिल्म चिकटवली तर पुढे काढताना पेंटही निघून येतो.

फिल्म म्हणजे पीपीएफ, पेंट प्रोटेक्शन फिल्म, पेंटवर चिकटवायचा पारदर्शक थर. हा पॉलीयुरेथेनचा थर साधारण १५० ते २०० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) असतो, आणि गाडीचा कंपनीचा पूर्ण पेंट, सगळे थर धरून, १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे पेंटच्या वर पेंटपेक्षा जाड एक थर येतो, म्हणून खड्याचा मार सोसतो. सिरॅमिक कोटिंग केलंय मग फिल्म कशाला, असं बरेच जण विचारतात, तर सिरॅमिकची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन, ते पाणी आणि घाण चिकटू देत नाही पण खड्यापुढे त्याचा उपयोग नाही. उलट सिरॅमिक आधीच केलेलं असेल तर फिल्मचा गोंद त्याच्यावर नीट धरत नाही, तेवढ्या पट्ट्यावरचं कोटिंग पॉलिश करून काढावं लागतं. पूर्ण गाडीला फिल्म लावायची गरज नाही. फ्लॅप जिथे टेकतो ती कड, दाराखालची पूर्ण पट्टी, आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग, एवढं बास. हा तिसरा भाग लोक विसरतात, गाडी मागे रुंद होत जाते त्यामुळे पुढच्या चाकाने उडवलेली खडी तिथेही बसते आणि फ्लॅप लावला तरी थोडी बसतच राहते. छोटे पट्टे घरी लावता येतात, पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब टाकून पृष्ठभाग ओला करायचा, फिल्म सरकवून जागेवर आणायची, मग मधून कडेकडे स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी काढायचं, कडा हेअर ड्रायरने जरा गरम करून दाबायच्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पट्टीच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला छोटी छिद्रं असतात, ती ना फिल्मने झाका ना फ्लॅपने.

आता भोकांचं. बॉडीला ड्रिल लावू नका. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेले फ्लॅप घ्या, ते चाकाच्या वरच्या लायनरला (चाकाच्या खोबणीतल्या आतल्या आवरणाला) जे स्क्रू आणि क्लिपा आधीपासून असतात त्याच जागी बसतात. सगळ्या गाड्यांना चालतात म्हणून विकले जाणारे सपाट रबरी फ्लॅप येतात त्यांना बहुतेक वेळा भोक पाडावं लागतं, आणि पत्र्याला भोक म्हणजे कापलेली कड, तिथून गंज सुरू, आणि मग तो गंज वॉरंटीत बसवायला जाल तर कंपनी त्या भोकाकडेच बोट दाखवणार. शिवाय दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मधे, गाडीच्या पोटाशी बॅटरी पॅक आहे, तिथे अंदाजाने ड्रिल चालवणं हा धोकाच. नारिंगी रंगाची केबल दिसली तर ती हाय व्होल्टेजची, तिच्या आसपास हातसुद्धा नको.

लावायला चाक काढावं लागत नाही. उजव्या चाकामागे काम असेल तर स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे, डाव्यासाठी डावीकडे, म्हणजे चाकाची मागची कड आत जाते आणि स्क्रूड्रायव्हरला जागा होते. मग गाडी पार्कमध्ये टाका, हँडब्रेक लावा, बंद करून लॉक करा आणि चावी लांब ठेवा, कारण या गाडीचा आवाज नसतो, चालू आहे की बंद ते नुसतं ऐकून कळत नाही. मागच्या बाजूला हात पोचत नाही म्हणून जॅक लावायचा झाला तर फक्त कंपनीने दिलेल्या जॅक पॉइंटवरच, जरा आत सरकला तर सगळं वजन बॅटरीच्या खोक्यावर येतं.

प्लास्टिकच्या क्लिपेची मधली टाचणी आधी वर ओढायची, मग बाकीची क्लिप निघते, सरळ ओढली तर तुटते, थंडीत तर हमखास, म्हणून चार-पाच जादा क्लिपा जवळ ठेवा. स्क्रू हातानेच पिळा, मशीनने नको, समोर बहुतेक वेळा प्लास्टिकचाच आटा असतो आणि तो एकदा गेला की स्क्रू नुसता गोल फिरतो. सगळे स्क्रू आधी अर्धे लावून फ्लॅप सरळ करून घ्या, मग एकेक घट्ट करा. झाल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, उलट्या बाजूला वळवलं की टायर फ्लॅपच्या सगळ्यात जवळ येतो, तिथे एक बोट आरामात जायला हवं. गाडीत माणसं बसवूनही एकदा बघा, गाडी दबल्यावर अंतर कमी होतं.

रेंजचं म्हणाल तर फ्लॅपने हवेला थोडा अडथळा होतो हे खरं, आणि स्पीड वाढेल तसा तो जास्त जाणवणार. पण टायरच्या रुंदीपेक्षा फार बाहेर न येणारे छोटे फ्लॅप घेतले तर रोजच्या वापरात तो फरक मला वेगळा काढून दाखवता आला नाही. टायरमधली हवा कमी असणं, थंडी, हीटर, यांनी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त रेंज जाते. मोठे लांब फ्लॅप मात्र नको, ते उतारावर, स्पीडब्रेकरवर घासतात.

मटेरियल जरा वाकणारं घ्या. एकदम कडक प्लास्टिकचा मागचा फ्लॅप रिव्हर्स घेताना पार्किंगच्या ठोकळ्याला अडकला की तो एकटा तुटत नाही, बरोबर लायनरची कडही फाडून नेतो. आणि मागचे फ्लॅप तुमच्या पट्टीला वाचवत नाहीत, ते मागच्या बंपरचे कोपरे आणि मागून येणाऱ्याची काच वाचवतात, त्यामुळे एकदम चारही जमत नसतील तर पुढचे दोन आधी लावा.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे स्क्रू परत एकदा तपासा, आणि वर्षातून दोनदा फ्लॅप पूर्ण काढून मागची वाळू धुवून टाका. मी आता तेच करतो, दोन्ही पुढचे मिळून अर्धा तास लागतो. परवाच काढले होते, फिल्मवर घासल्याच्या खुणा आल्यात, खालचा पेंट तसाच आहे.