मेंदूतली सूज घालवायचीच का?

प्रश्न : डॉक्टर, माझा २१ वर्षांचा भाचा ३ आठवड्यांपूर्वी स्कूटीवरून पडला, हेल्मेट नव्हतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला पण डोकं अजून दुखतं. ओळखीतले एकजण म्हणतात आत सूज असणार, स्टिरॉइडचा कोर्स करा. सूज वाईटच ना?
– एक मावशी, सातारा

उत्तर : ताई, आधी हे ऐका, स्टिरॉइड कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. पूर्वी डॉक्टरही द्यायचे, सूज उतरली की बरं वाटेल म्हणून. मग 'क्रॅश' नावाची मोठी चाचणी झाली, डोक्याला मार लागून शुद्ध कमी झालेले १०,००८ पेशंट, आणि २००४ साली निकाल आला तो उलटाच : स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१ टक्के दोन आठवड्यांत गेले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के.

आता सूज म्हणजे काय बघा : नुसतं फुगणं नव्हे, मार लागला की शरीराच्या संरक्षक पेशी धावून कामाला लागतात तेही त्यात आलं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, आपल्या राखणदारच त्या. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या कवटीचं हाड घासून कागदासारखं पातळ केलं आणि लेझरने मेंदूत एक बारीकशी जखम केली. काही मिनिटांतच आजूबाजूच्या मायक्रोग्लियांचे हात जखमेकडे लांबत गेले, टोकं फुगली, एकमेकांना चिकटली आणि जखमेभोवती कुंपणच तयार झालं! पेशी जागेवरच, फक्त हात पुढे. मला हे आजही थक्क करतं.

मागून रक्तातनं दुसऱ्या पेशी येतात. अमेरिकेत डोरियन मॅकगॅव्हर्न यांच्या टीमने उंदरांत पाहिलं की मेंदूच्या आवरणाला मार लागला की आधीची तुकडी मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करते, नंतरची तुकडी फुटलेल्या रक्तवाहिन्या परत उभ्या करायला मदत करते. म्हणजे ही दुरुस्तीच चाललेली असते, ती सरसकट दाबायची कशाला? हां, सूज फार वाढली किंवा महिनोन् महिने राहिली तर त्याच पेशी नुकसानही करतात, ते खरंय, पण ते ठरवायचं न्यूरोवाल्यांनी.

त्याच टीमने पेशंटचे एमआरआय बघितले तर बहुतेकांच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या साधारण ३ आठवड्यांत सांधल्या होत्या, थोड्यांच्या ३ महिन्यांनीही नाही. सुरुवातीच्या साफसफाईच्या दिवसांत परत मार बसला तर दुरुस्ती बिघडते हेही उंदरांत दिसलंय, आणि भाच्याचं डोकं अजून दुखतंय, म्हणून त्याला सध्या गाडी नाही, क्रिकेट नाही. डोकं दुखतंय तोवर न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवून घ्याच, आणि उलट्या, गुंगी, बोलण्यात अडखळणं, दुखणं वाढत जाणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.