आयसीयूसाठी राखलेली ठेव

सांगलीहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय 76. पत्नी 72 वर्षांच्या, त्यांना पार्किन्सन्स. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आठ महिन्यांत काकू फक्त दवाखान्यासाठी खाली उतरल्या, त्याही खुर्चीत बसवून. पेन्शन 38,000 रुपये, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख, बँकेत 12 लाखांची मुदत ठेव. काकांना तळमजल्यावर भाड्याची जागा घेऊन दिवसभराची बाई ठेवायची आहे. मुलगा म्हणतो, पैशाला हात लावू नका, उद्या आयसीयूत लागतील.

काका, जागा बदला.

बाईचा पगार तुम्ही 18,000 लिहिलाय, नव्या जागेचं भाडं 11,000, तुमच्या फ्लॅटचे 7,000 येतील. म्हणजे महिन्याला 22,000 जादा. बचत योजनेतून 8.2 टक्क्यांनी तुम्हाला दर तिमाहीला 61,500 मिळतात, महिन्याला 20,500. ते तुम्ही आजवर पुन्हा ठेवीतच टाकत आलात. ते थांबवा. उरलेले दीड हजार पेन्शनमधून निघतील. डिपॉझिट, कमोड, बाथरूममधले धरायचे दांडे यांसाठी ठेवीतून दीड लाख काढा. साडेदहा लाख शिल्लक राहतातच. पुढे बाईचा पगार वाढेल, कदाचित रात्रीचीही लागेल. तेव्हा मुद्दल मोडावं लागेल. खुशाल मोडा, ते तुमच्या दोघांसाठीच साठवलंय.

मुलाची काळजी खरी आहे. म्हणून आधी आयुष्मान कार्ड काढा. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. हाताला धरून काकूंना अंगणात नेणाऱ्या बाईचा पगार मात्र ही योजना देत नाही. तो आपल्याच पैशांतून द्यावा लागतो.

दुसरं बोलणं अवघड आहे, पण टाळू नका. माझ्या वडिलांचे शेवटचे अकरा दिवस व्हेंटिलेटरवर गेले. त्यांना काय हवं होतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, आणि त्या दारात उभं राहून नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. काकूंना आज बोलता येतंय, तोवर त्यांना विचारा. बरं होण्याची आशा संपल्यावर नळ्या, यंत्रं हवीत की नकोत, हे दोघंही आपापलं लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. एक प्रत मुलाकडे द्या, एक तुमच्या डॉक्टरांकडे. मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं करायचं.

तुम्ही आधी गेलात तर? बचत योजनेत काकूंचं नाव नॉमिनी म्हणून आहे ना, ते पोस्टात जाऊन बघा. मुदत ठेव 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी करून घ्या.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. आणि जागा बघायला जाल तेव्हा काकूंनाही रिक्षाने बरोबर न्या. सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं, हे त्यांना बघू द्या.