ऑनग्रिड सोलारच्या घरात इन्व्हर्टर लावताय? आधी सोलारची वायर कुठे जोडलीय ते बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. जुळे सोलापुरात घर, गच्चीवर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेलं) सोलार, भर उन्हात लाईट गेली की सोलारही बंद, वडिलांना ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन. आणि दुकानदार म्हणतोय, "प्युअर साईनवेव्ह इन्व्हर्टर मेनला लावून टाकू, पूर्ण घर चालेल." (प्युअर साईनवेव्ह म्हणजे महावितरणच्या विजेसारखीच वीज देणारा.) आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. वाक्यसुद्धा जवळपास तेच होतं.

लाईट गेल्यावर ऑनग्रिड का बंद पडतं, ते तुम्हाला कळलंच आहे. आपली वीज बंद लाईनमध्ये जाऊन खांबावरच्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून ती सोय आहे आणि ती असायलाच हवी. त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मला सांगायचं आहे ते पुढचं, कारण ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्वभागात. लाईट गेली की गल्लीतल्या लूमचा खडखडाट एकदम थांबतो, घड्याळ बघावं लागत नाही. सोलार बसवणाऱ्या एजन्सीने गच्चीवरून आलेली वायर वरच्या मजल्यावरच्या डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या स्विचच्या पेटीत) एका एमसीबीला (जास्त वीज ओढली की आपोआप पडणाऱ्या स्विचला) जोडली होती. जवळ पडतं म्हणून. तेव्हा त्यात काही चूक नव्हती. सहा महिन्यांनी आईसाठी इन्व्हर्टर घेतला, २४ व्होल्टचा, १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या. इलेक्ट्रिशियनने तो मीटर आणि डीबीच्या मध्ये टाकला, म्हणजे आख्खी डीबी इन्व्हर्टरवर. आणि त्याच डीबीत सोलार.

पहिल्यांदा दुपारी लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरने घर उचललं. मिनिटभराने गच्चीवरचं सोलारही चालू झालं. आम्हाला आनंद झाला, लाईट नसताना सोलार चालतंय! मी शेजाऱ्यांना वर नेऊन डिस्प्ले दाखवला. घडत होतं ते असं: इन्व्हर्टर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची स्वच्छ साईनवेव्ह देतो. सोलारला वाटतं, महावितरणची लाईट आली. ते त्याच्याशी जुळवून घेतं आणि वीज ढकलायला लागतं. ओबडधोबड वीज देणारा साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असता तर बहुधा जुळलंच नसतं. दुपारी सोलार १८०० वॅट देतंय, घरात खर्च ३०० वॅट. उरलेले १५०० वॅट जाणार कुठे? बाहेर लाईन बंद. मग ते उलटे इन्व्हर्टरमधून बॅटरीत घुसतात. २८ व्होल्टच्या आसपास म्हणजे ५० अँपिअरच्या वर. १५० एएचच्या बॅटरीला चार्जिंग १५ ते २० अँपिअरने व्हायला हवं.

तिसऱ्या वेळेला पंखा एकाएकी जोरात फिरायला लागला. जिन्याखालून सडक्या अंड्यासारखा वास आला. जाऊन बघितलं तर बॅटरीच्या झाकणांभोवती पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं, पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट वर आलेले, फरशीवर ओल. मी हात पुढे करणार तेवढ्यात इन्व्हर्टरमध्ये फट्‌कन आवाज झाला आणि सगळं बंद. आई वरच्या खोलीत होती. हात लावला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. पंचेचाळीस हजारांचा माल अडीच महिन्यांत गेला.

त्यानंतरचं जास्त लागलं. सोलारवाली एजन्सी म्हणाली, "इन्व्हर्टर आमच्याकडून घेतलेला नाही." इन्व्हर्टरच्या सर्व्हिस सेंटरने फोटो मागवले, माणूस पाठवला, त्याने बोर्ड जळाल्याचं लिहिलं आणि "सोलार आमचं नाही" म्हणून वॉरंटी नाकारली. दोन्हीकडे मी एकच प्रश्न विचारत होतो: हे दोन एकमेकांसमोर आले तर काय होतं, हे विकताना विचारायचं कुणाचं काम? अकरा दिवस फेऱ्या मारल्या. बाराव्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं आहे. कुणी फोनही केला नव्हता. असो, राग अजून आहे, पण तुमच्या कामाचं पुढे सांगतो.

तुम्हाला कॉन्सन्ट्रेटरसाठी प्युअर साईनवेव्हच लागणार, आणि धोका नेमका त्याच इन्व्हर्टरमध्ये आहे. म्हणून इन्व्हर्टर आणायच्या आधी सोलारची वायर शोधा. ती घरातल्या डीबीत येत असेल तर काढून मीटरच्या बाजूला, इन्व्हर्टरच्या अलीकडे, म्हणजे मीटर आणि इन्व्हर्टरच्या मध्ये घ्यायला लावा. मग इन्व्हर्टरसाठी चार एमसीबीची वेगळी छोटी डीबी करा आणि त्यावर फक्त वडिलांच्या खोलीचे पॉइंट, दोन पंखे, चार दिवे आणि राऊटर ठेवा. आख्खं घर इन्व्हर्टरवर टाकायच्या मी पूर्ण विरोधात आहे. आणि त्या पॉइंटचा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) वेगळा ओढून घ्या. जुन्या घरात न्यूट्रल एकत्र असतो, मग आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) सारखा पडतो आणि कारण सापडत नाही.

काम झाल्यावर इलेक्ट्रिशियन समोर असताना सकाळी सात-साडेसातला, कोवळ्या उन्हात, मेन बंद करून इन्व्हर्टर चालू ठेवा. त्या वेळी वडिलांना सिलिंडरवर ठेवा किंवा मशीन बंद ठेवा, डॉक्टर सांगतील तसं. दहा मिनिटं सोलारचा डिस्प्ले बघा. त्यावर ग्रिड नाही असंच दिसलं पाहिजे. वॅट दिसले तर ताबडतोब सोलारचा एमसीबी पाडा, वायर अजून चुकीच्या जागी आहे.

बॅटरीचा हिशोब. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट धरा, तुमच्या मशीनवरचं लेबल बघा. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, शिवाय इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं. हाती साडेसातशे-आठशे. म्हणजे एका बॅटरीवर मशीन दोन तास, दोनवर चार. लिथियम फॉस्फेटची २४ व्होल्ट १०० एएच बॅटरी घेतलीत तर पाच तासांच्या आसपास. पैसे जास्त, पण वडिलांच्या मशीनसाठी मी तीच घेईन. फक्त इन्व्हर्टरमध्ये लिथियमची चार्जिंग सेटिंग आहे ना ते आधी विचारा. तरीही भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात हवाच. कुठल्याही इन्व्हर्टरवर जीव टांगू नका.

हायब्रीडबद्दल, म्हणजे सोलार आणि बॅटरी दोन्ही एकच इन्व्हर्टर सांभाळतो त्याबद्दल, विचारलंय. नवीन सोलार बसवत असता तर मी हायब्रीडच सांगितलं असतं, त्यात हे भांडण आतल्या आत मिटवलेलं असतं. पण तुमचं ऑनग्रिड चांगलं चालू आहे, ते काढून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. बदलायचंच ठरलं तर परस्पर बदलू नका, नेट मीटरच्या (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) कागदांवर सोलारच्या इन्व्हर्टरची नोंद असते, महावितरणला कळवून करा. अनुदानही सोलारच्या किलोवॅटवर मिळतं, ३ किलोवॅटला ७८ हजार. बॅटरीसाठी वेगळं नाही.

पाण्याची मोटर या इन्व्हर्टरवर नको. १ एचपीची मोटर चालताना हजारभर वॅट खाते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही हे खरं, पण त्याच पैशात वरची टाकी मोठी करा.

बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याखाली तर अजिबात नको. लेड-ॲसिडचं आयुष्य २५ अंशांना धरून मोजतात, त्यावर दर आठ-दहा अंशांना ते निम्मं होत जातं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच चाळीसच्या वर. खालच्या मजल्यावर, हवा खेळेल अशी जागा बघा. आणि पॅनेल बोअरच्या पाण्याने धूत असाल तर फडक्याने लगेच पुसून घ्या, क्षाराचे पांढरे डाग नंतर निघत नाहीत.

मी इलेक्ट्रिशियन नाही, निवृत्त शिक्षक आहे. माझ्या घरात जे झालं त्यावरून सांगतोय, जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. पण दुकानदाराला होकार देण्याआधी डीबीचं झाकण उघडून आतला फोटो इथे टाका, मीटरपाशी सोलारची वायर कुठून येते त्याचाही. मी आज संध्याकाळी बघतो.