शुक्रवारी गप्प, रविवारी हात जोडून

प्रिय पिल्लू,

आपल्या न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी शाळेच्या गृहपाठात तू मला विचारलंस: "आई, ज्या खोलीत आम्ही सोमवार ते शुक्रवार गणित शिकतो, त्याच खोलीत रविवारी हात जोडून प्रार्थना म्हणतो. मग शुक्रवारी का नाही म्हणत? आणि तुझी भारतातली शाळाही आमच्यासारखी सरकारीच होती, तिथे रोज कशी चालायची?" बाईंनी पालकांना अर्ध्या पानात उत्तर लिहायला सांगितलंय. अर्ध्या पानात हे मावणार नाही. जोडाक्षरं अडली तर बाबाला विचार.

आधी माझी शाळा. जिल्हा परिषदेची, कौलारू, पुढे मुरमाचं मैदान. घंटा झाली की चपला व्हरांड्यात काढायच्या आणि उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायचं. मी बुटकी, त्यामुळे कायम पुढच्या तिघींत. सातवीतली एक मुलगी खच्चून ओरडायची, "एक साथ, राष्ट्रगीत शुरू कर!" मराठी शाळेत हे 'शुरू कर' हिंदीतून का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मग प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, पंचांग, बोधकथा. या सगळ्याला मिळून परिपाठ म्हणतात. प्रार्थना बहुतेक दिवस साने गुरुजींची, 'खरा तो एकचि धर्म'. गुरुवारी मात्र सरस्वतीची, संस्कृतातली, अर्थ न कळता पाठ केलेली. तळपायाला मुरूम टोचायचा, म्हणून आम्ही बगळ्यासारख्या पाय बदलत उभ्या असायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन. पाटीवर १ चे आकडे एकाला एक जोडून सरस्वती काढायची, तिला हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. माझी सरस्वती नेहमी एका बाजूला कललेली.

हे सगळं म्हणजे धर्म, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. आमच्याकडे त्याला 'संस्कार' म्हणायचे.

माझ्या मागे मणेरांची मुलगी उभी असायची. तिचे वडील आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. एका गुरुवारी मी मागे वळून पाहिलं, तर तिचे हात जोडलेले, पण ओठ बंद. रोजची प्रार्थना ती माझ्यापेक्षा सुरात म्हणायची, गुरुवारची नाही. पाटीपूजनाला तिने स्वच्छ धुतलेली कोरी पाटी आणली होती. बाईंनी प्रेमाने दुसऱ्या मुलीला सांगितलं, "हिला येत नाही वाटतं, तू काढून दे गं." ती काही बोलली नाही. शाळा सुटल्यावर हापशावर ती पाटी धूत होती. "पुसतेस कशाला? छान आलीये की," असं मी म्हणाले. ती म्हणाली, "अब्बा विचारतील." बाई वाईट नव्हत्या, उलट शाळेतल्या सर्वांत मायाळू त्याच. मीही वाईट नव्हते. पण ती पाटी कोरी का होती, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आता कायदा. भारताच्या राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं की जी शिक्षणसंस्था पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. जी खाजगी शाळा सरकारकडून मान्यता किंवा अनुदान घेते, तिथे ते देता येतं, पण कोणावर सक्ती नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती हवी, आणि हेच तिथल्या उपासनेलाही लागू. मग आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सरस्वती कशी? तर कलमात शब्द आहे 'धार्मिक शिक्षण', आणि सकाळची प्रार्थना त्यात येते की नाही यावरच घोडं अडतं. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हा २०१९ मध्ये न्यायमूर्तींनी प्रश्न मोठ्या पीठासमोर जावा, असं म्हटलं. त्याआधी, नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून शाळेने त्यांची वेतनवाढ अडवली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. ती बातमी वाचताना मला मणेरांच्या मुलीचे बंद ओठ आठवले होते. हात न जोडायला शिक्षकाला न्यायालयात जावं लागत असेल, तर दहा वर्षांच्या मुलीने काय करावं?

इथे अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल १९६२ मध्ये लागला. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी एक प्रार्थना लिहिली होती, इंग्रजीत अवघ्या २२ शब्दांची. त्यात येशू नाही, कुठल्या पंथाचं नाव नाही, फक्त देवाचे आशीर्वाद मागितलेले. ज्या मुलाला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावं किंवा वर्गाबाहेर जावं, अशीही सोय होती. तरी काही पालक न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने सांगितलं की प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं कामच नाही, ती कितीही सर्वसमावेशक असो. पुढच्याच वर्षी शाळेतलं रोजचं बायबलवाचनही बंद झालं. मात्र त्याच निकालात असंही म्हटलंय की धर्मांविषयी शिकवायला हरकत नाही. म्हणून तर तुमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हिंदू, बौद्ध, इस्लाम अशी प्रकरणं आहेत (आणि हिंदूंच्या प्रकरणावरून तू घरी येऊन केवढी चिडली होतीस!).

म्हणजे भारताने दार अर्धवट लोटलं, अमेरिकेने सरकारपुरतं बंद केलं. अगदी धुतल्या तांदळासारखं इथेही नाही. तुम्ही रोज सकाळी झेंड्यासमोर जी शपथ म्हणता, त्यात १९५४ पासून देवाचं नाव आहे. ती म्हणायची सक्ती कुठल्याच मुलावर करता येत नाही, हे मात्र १९४३ मध्येच ठरलंय. भारतातही १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांच्या बाबतीत असंच झालं: ती राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, कारण त्यांच्या पंथात ते बसत नव्हतं. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

आणि हे बघ, बंदी शाळेवर आहे, तुझ्यावर नाही. गणिताच्या पेपरआधी तू डोळे मिटून गणपतीला जे काही पुटपुटतेस, ते कोणी थांबवू शकत नाही. रविवारची गोष्टही तशीच. सुट्टीच्या दिवशी शाळा खोल्या भाड्याने देते, नाचाच्या क्लासला देते, तशाच आपल्यालाही. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की 'तुम्ही धार्मिक, तुम्ही नको' असं म्हणता येत नाही, असा २००१ चा निकाल आहे. खोली तीच, पण रविवारी तुला उभं करणारं सरकार नसतं, आम्ही पालक असतो.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, पण एक किस्सा सांगायचा राहिला. तो आपल्याच न्यू जर्सीतला. १९७५ च्या सुमारास इथल्या पाच सरकारी हायस्कुलांत महर्षी महेश योगींच्या ध्यानाचा विषय ऐच्छिक म्हणून शिकवत. तो धर्म नव्हे, शास्त्र आहे, असं शिकवणारे सांगत. मंत्र घ्यायला मात्र मुलांनी रविवारी शाळेबाहेर जायचं, बरोबर फळं, फुलं आणि पांढरा रुमाल न्यायचा. तिथे गुरूंच्या तसबिरीपुढे शिक्षक संस्कृतात म्हणत आणि नैवेद्य दाखवत. पालक न्यायालयात गेले, आणि १९७९ मध्ये अपील न्यायालयानेही ठरवलं की हा धर्मच आहे. एवढी कागदपत्रं, एवढे वकील! आजीला नुसतं 'फळं, फुलं, तसबीर' सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "अगं, पूजा आहे ती!"

हसू आलं ना? मलाही आलं, आणि मग गेल्या वर्षीची पालकसभा आठवली. मराठी शाळेची सुरुवात गणपतिस्तोत्राने करावी का, यावर चर्चा होती. मागच्या रांगेतले एक वडील हळूच म्हणाले, "आमच्याकडे चर्चला जातात, मुलगी मराठी शिकायला येते." आणि मीच, हो, मीच ठसक्यात उत्तर दिलं, "अहो, हा धर्म नाही, संस्कार आहेत." त्यांनी मान हलवली आणि पुढे काही बोलले नाहीत. त्यांची मुलगी तुझ्याच वर्गात आहे. स्तोत्र चालू असताना ती काय करते, हे तू पाहिलंयस का? मी अजून पाहिलेलं नाही.

आपल्या रविवारच्या शाळेला कुठलंच कलम लागू नाही. न्यायालय येऊन काही सांगणार नाही. स्तोत्र मला आवडतं, घरी आपण म्हणतोच, तेही सोडायचं नाही. पण शाळेच्या सुरुवातीला साने गुरुजींची प्रार्थना घ्यावी, असं मी या सभेत म्हणणार आहे. त्या वडिलांना आज फोन करते. बाबाला हे पटलेलं नाही, तो म्हणतो, मग मराठी शाळा आणि भाषेचा क्लास यात फरक काय उरला. त्याचंही ऐकून घे, त्याचं म्हणणं अगदीच वावगं नाही.

पुढच्या रविवारी पुढे उभं राहून सांगायचा नंबर तुझा आहे, असं बाईंनी कळवलंय. कोणती प्रार्थना घ्यायची ते तुम्ही मुलांनी मिळून ठरवा, आणि ठरवताना त्या वडिलांच्या मुलीलाही बोलवा. आणि कृपा करून 'शुरू कर' म्हणू नकोस. 'सुरू करा' म्हण.

तुझी,
आई