शाळेच्या कबड्डी संघात खरंच घरची माणसं मिळतात का?

तुमची मुलगी आठवीत गेलीय आणि शाळेच्या कबड्डी संघात जायचं म्हणून हट्ट धरून बसलीय. 'संघ म्हणजे दुसरं घर' असं सगळे म्हणतात, ते खरं की नुसतं बोलायचं, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या संघातून खेळले. माझं उत्तर: मिळतात. पण जर्सी अंगावर चढली म्हणून मिळत नाहीत, आणि कप जिंकल्यामुळे तर अजिबात नाहीत.

माझे आईबाबा कामाला म्हापशाला होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं अशी गोव्यात असतात, मुलं इकडे नातेवाइकांकडे शिकतात. मी मामाकडे राहत होते. मामा-मामींनी मला काही कमी पडू दिलं नाही, तरी दुसरी भाकरी मागायला मला संकोच वाटायचा. हे मी कुणाला बोलले नव्हते. आठवीत पी.टी. सरांनी माझी उंची बघून सरावाला बोलावलं, तेव्हा कबड्डीची आवड वगैरे काही नव्हती. शाळा सुटल्यावर लगेच घरी जायला नको, एवढंच डोक्यात होतं.

कॅप्टन दहावीतली होती, तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. मैदानावर आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "खाऊन आलीस काय गं?" नाही म्हटलं की दप्तरातून चुरमुऱ्याची पुडी काढून हातावर ठेवायची आणि संपेपर्यंत समोर उभी राहायची. त्यात लाडबीड काही नव्हतं. चढाईला दम लागतो, उपाशी पोरीचा दम मध्यरेषा ओलांडायच्या आधीच सुटतो, हे तिला माहीत होतं. पण मी जेवले की नाही याची चौकशी रोज कुणीतरी करतंय, ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी होती. माया अशी गरजेतून सुरू झाली तरी ती खोटी नसते, असं मला वाटतं.

आता जे सांगते ते जुलैतलं. शालेय स्पर्धा बहुतेक पावसाळ्यातच येतात, आणि आमच्याकडे पावसाळा म्हणजे भाताची रोप लावण. बचावाच्या वेळी डाव्या कोपऱ्यावर उभी राहणारी आमच्यातली एक मुलगी सरावाला यायचीच बंद झाली. तालुका स्पर्धा तोंडावर आलेली, आणि कोपऱ्याशिवाय पकड कसली? अक्का आम्हाला घेऊन तिच्या घरी गेली. तिची आई म्हणाली, "पोरीला पाठवू कशी? लावण अडलीया, गडी मिळंना." अक्का क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "काकी, रविवारी आम्ही येतो." रविवारी आम्ही प्लॅस्टिकच्या खोळा डोक्यावर घेऊन तिच्या शेतात उतरलो. गुडघाभर चिखल, वरून धार. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंडी सोडायची, दोन-तीन काड्या अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि एक पाऊल मागं. ज्यांच्या घरी शेती होती त्या भराभर मागं सरकत होत्या, माझी ओळ मात्र वाकडी जात होती. कोपऱ्यावरची ती मुलगी न बोलता माझ्या शेजारी येऊन माझी वाकडी रोपं उपटून परत लावत होती. दुपारी काकींनी बांधावर गरम भात आणि कुळथाची आमटी वाढली. मी तिथं तिसऱ्यांदा भात मागून घेतला. सोमवारी ती सरावाला आली.

कबड्डीतच काहीतरी आहे असंही मला वाटतं. बाद झालेली खेळाडू कायमची बाहेर जात नाही. ती मागे बैठकीच्या चौकटीत बसते, आणि आपल्या संघानं समोरचा एक खेळाडू बाद केला की ज्या क्रमानं बाद झाल्या त्याच क्रमानं एकेक जण जिवंत होऊन आत येते. कुणाला बाद न करता मिळणारा बोनसचा गुण मिळाला तर कुणी जिवंत होत नाही, त्यासाठी समोरचीला बादच करावं लागतं. मी चढाईपटू, त्यामुळे वारंवार पकडली जायचे. बाहेर बसून बघायचं, की माझ्यापेक्षा बारीक, आठवीतली एखादी पोर मला आत आणण्यासाठी मोठ्या चढाईपटूच्या घोट्याला झोंबतेय. तिला नंतर कुठल्या तोंडानं "तू कोण गं?" म्हणणार?

आमच्या शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही वर्ग होते आणि संघ एकच. पकडीसाठी दोघींनी हात धरून साखळी करायची, त्या साखळीत माझा हात धरणारी मुलगी कन्नड घरची. चढाईपटू आत शिरली की ती "बिडबेड, बिडबेड", म्हणजे सोडू नको, असं ओरडायची. काही दिवसांत आम्ही सगळ्याच तसं ओरडायला लागलो आणि ती "धर गं!" म्हणायला लागली. सीमाभागात भाषेवरून मोठी माणसं काय काय बोलतात ते आमच्या कानावर पडायचंच. पण साखळीत ओला, चिखलानं निसरडा झालेला हात सुटू न देणं ही इतकी अवघड गोष्ट आहे, की तो कुणाचा आहे हा विचार मनात येतच नाही. मी कन्नड शिकले ती तिच्याकडून, पुस्तकातून नव्हे. तिच्या लग्नात मी नवरीच्या खोलीत होते.

2010 च्या नोव्हेंबरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी पहिल्यांदाच खेळवली गेली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. त्या संघात आपल्या कर्नाटकच्या तेजस्विनी बाई आणि ममता पुजारी होत्या. सरांनी पेपरातला फोटो कापून आणला होता. त्यानंतर घरी "पोरीच्या जातीला कबड्डी कशाला" हे ऐकावं लागलं की आमच्याकडे उत्तर होतं. आम्ही स्वतः जिल्ह्याच्या पुढे कधी गेलो नाही.

भांडणं झाली का? खूप. अबोले, रडारड, कोण चढाईला जाणार यावरून रुसवे. भावंडांत होतात तशीच. फरक एवढाच, की रुसून घरी बसलेलीला आणायला कुणीतरी जायचं.

आता तुमच्या मुलीबद्दल. सगळेच संघ असे नसतात. काही ठिकाणी दोन-तीन चांगल्या खेळणाऱ्यांचेच लाड होतात आणि बाकीच्यांनी पाणी भरायचं. म्हणून एखाद्या संध्याकाळी सराव बघायला जा आणि खेळणाऱ्या सात जणींकडे नका बघू, राखीव पाच जणींकडे बघा. सर त्यांना नावानं हाक मारतात का? त्यांनाही पकडीला उतरवतात का? कुणाचा पाय मुरगळला तर खेळ थांबतो का? पाळीच्या दिवसांत मुलीला "आज नको" म्हणता येतं का, की त्यावर टिंगल होते? त्या पाच जणी हसत-बोलत घरी जात असतील, तर मुलीला बिनधास्त पाठवा. त्या कोपऱ्यात गप्प बसलेल्या असतील, तर आधी सरांशी बोला. तरी बदल दिसला नाही तर खो-खो आहे, ॲथलेटिक्स आहे, दुसरा संघ शोधायला कमीपणा नाही.

एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या परीक्षेची, काळजी आत्ता आठवीत करू नका. आमच्यातल्या बहुतेक जणी दहावीत एकत्र बसूनच अभ्यास करायच्या, गणितात कच्च्या असलेल्यांना पक्क्या असलेल्यांनी ओढून नेलं. काळजी करायचीच तर परतीच्या वाटेची करा. पावसाळ्यात सहालाच अंधारून येतं, शेवटची बस चुकते. त्याच वाटेनं जाणाऱ्या मुली कोण ते विचारून घ्या, त्यांच्या आयांशी ओळख करून ठेवा. आणि वयाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, स्पर्धेच्या फॉर्मला तो लागतो आणि ऐनवेळी फार धावपळ होते.