युसुफभाईची खोली कुठली?

प्रिय पोरी,

टीव्हीवरच्या विनोदी स्किटचे तुझे दोन्ही मसुदे परवा रात्री वाचले, काल पुन्हा वाचले. आज सकाळी चहा गार होईपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत बसलो होतो. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

पहिल्या मसुद्यातली फातिमा खाला दर वाक्याला ‘तौबा तौबा’ म्हणते, पान चघळते आणि बुरख्याच्या आत वाजणारा मोबाइल शोधत बसते. हे तू लिहिलेलं नाहीस, तुझ्याकडून लिहून घेतलंय, एवढं मला कळतं. ‘तुमच्यातलं आहे, तूच लिही’ असं म्हणून कुणीतरी ते काम तुझ्या गळ्यात घातलं असणार. दुसरा मसुदा तू रागानं लिहिलास. त्यातली खाला रक्तदान करते, दिवाळीत पणत्या लावते, शेजारच्या आजींना दवाखान्यात नेते आणि शेवटी एकोप्यावर चार वाक्यं बोलते. तू विचारलंस, ‘सर, यातलं कुठलं देऊ? की सरळ नोकरी सोडू?’

कुठलंच देऊ नकोस. दोन्ही मसुद्यांतल्या खालाला घर नाही.

मी काय म्हणतोय ते तुला पटकन कळायला हवं. मालाडला खोली मिळायला तुला चार महिने लागले. नाव सांगितलं की एजंटाचा फोन लागेनासा व्हायचा, हे तूच मला सांगितलंस. मग ज्या बाईला तू स्वतः जन्म देतेयस, तिला खोली द्यायला तुझा हात का अडतो? खाला सोसायटीच्या मीटिंगमध्ये उगवते कुठून आणि मीटिंग संपल्यावर जाते कुठं? कितव्या मजल्यावर राहते? दार कोण उघडतं? लाइटबिल कुणाच्या नावावर येतं? तुला माहीत नाही, कारण तू तिला फक्त बाहेर उभं केलंस. एकदा हसायला, एकदा रडायला.

मला हे कसं कळलं ते सांगतो. सांगायला जड जातंय, पण तुला सांगायलाच हवं.

२००३ सालची गोष्ट. चाळीवरची एक रोजची विनोदी मालिका मी लिहीत होतो. तिच्यात युसुफभाई नावाचा टेलर होता. चाळीच्या तोंडाशी त्याचं दुकान, गळ्यात टेप, डोळ्यांत सुरमा, तोंडात शेर. लोकांना तो फार आवडायचा. मला पत्रं यायची. शंभराच्या वर भाग झाले आणि चॅनेलकडून निरोप आला की ईद आहे, एक खास भाग करा. मी दोन तासांत लिहून दिला. चाँदरात, म्हणजे ईदची आदली रात्र आहे, युसुफभाई दुकानात बसून चाळीतल्या प्रत्येकाला वाटीवाटी शीरखुर्मा देतोय, मुलं टोप्या घालून नाचतायत. दुसऱ्या दिवशी आर्ट डायरेक्टर वही घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, ‘युसुफभाईची खोली कुठली? सेट लावायचाय.’

मी गप्प. चाळीचा नकाशा माझ्या डोक्यात होता. कुणाच्या खोलीत मोरी डावीकडं, कुणाच्या उजवीकडं, कुणाचा पोटमाळा गळतो, सगळं मला पाठ होतं. कुलकर्ण्यांच्या फळीवरच्या डब्यांत काय आहे हेसुद्धा सांगितलं असतं. शंभर भाग मी त्या माणसाकडून शेर म्हणवून घेतले आणि तो रात्री झोपतो कुठं, हे मला माहीत नव्हतं. त्याला बायको आहे की नाही तेही ठरवलं नव्हतं. वेळ नव्हता, बजेट नव्हतं. शेवटी दुकानातच शूट केलं. स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा आणला आणि तो कुठून आला हे कुणीच विचारलं नाही.

एका माणसानं मात्र विचारलं. आमच्या ड्रेसदादांनी. सीन झाल्यावर हँगरवर कपडे लावता लावता ते मला हळूच म्हणाले, ‘सर, चाँदरातला टेलर शीरखुर्मा वाटत बसलाय? माझे वडील टेलर होते. चाँदरातला आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. लोक पायजम्याची नाडी घालायचीसुद्धा वाट बघायचे नाहीत. गिऱ्हाइकांचं सगळं करून पहाटे वडील आमच्या कपड्यांना हात लावायचे. एका ईदला माझ्या शर्टाला एकच बाही होती. दुसरी नमाजाहून आल्यावर लावली.’

एका बाहीचा शर्ट घालून ईदगाहाकडं निघालेला टेलरचा पोरगा! वीस वर्षं झाली, तो शर्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. याहून मोठा विनोद मी आयुष्यात लिहिलेला नाही आणि तो माझ्या शेजारी हँगर घेऊन उभा होता. त्यात पान नाही, सुरमा नाही, शेर नाही. मुसलमान असल्याची एकही खूण चिकटवायची गरज नाही. तरी तो ईदशिवाय घडूच शकत नाही. त्याला फक्त घर लागतं. घरात बाप लागतो, ज्याला जगाचे कपडे शिवताना स्वतःच्या पोराची बाही शिवायला सवड मिळत नाही.

म्हणून तुला परत सांगतो, पात्राला घर दे.

आता तू म्हणशील, टीव्हीवर असं कोण करतं? करत नाहीत, तेच तर दुखणं आहे. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २००८च्या जुलैपासून चालू आहे, चार हजारांच्या वर भाग झाले. गोकुलधाम सोसायटीत गुजराती आहे, मराठी मास्तर आहे, पंजाबी आहे, त्याची बायको पारशी आहे, तमिळ शास्त्रज्ञ आहे, त्याची बायको बंगाली आहे. सगळा देश एका आवारात नांदवायचा, ही त्या मालिकेची हौस आहे आणि ती हौस खरी आहे. अब्दुलही आहे. सगळ्यांचा लाडका, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. पण अब्दुलचं दुकान आहे, आणि ते सोसायटीच्या बाहेर आहे. रात्री पुरुषमंडळी त्याच्याकडं सोडा प्यायला जमतात, गप्पा मारतात आणि आपापल्या घरी जातात. मला ते सोड्याचे प्रसंग आवडतात. लिहिणाऱ्यांच्या मनात काळंबेरं असेल असं मला वाटत नाही. माझ्याही मनात नव्हतं. तरी माझा युसुफभाई चाळीच्या तोंडाशीच बसला ना? वाईट हेतू असावाच लागतो असं नाही, सवय पुरते. आपल्या हाताला एक वळण पडलंय. मुसलमान म्हटला की तो दुकानात, टपरीवर, गॅरेजमध्ये, दर्ग्याच्या पायरीवर. दाराच्या आत नाही.

दूरदर्शनवर १९८६ साली ‘नुक्कड’ होती. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांची. त्यात हॉटेलवाला कादरभाई होता, अवतार गिल करायचे. तोही रस्त्यावरच भेटायचा. पण तिथं सगळेच रस्त्यावर भेटायचे. इलेक्ट्रिशियन गुरू, सायकलवाला हरी, दारुडा खोपडी. नाक्यावर सगळ्यांची उंची सारखी होती, म्हणून कादरभाई वेगळा पडला नाही. उधारीवरून चिडायचा, हिशेब मांडायचा. बाकीच्यांना घर दिलंस तर त्यालाही दे. बाकीच्यांना रस्त्यावर ठेवलंस तर तोही राहू दे. इतकी साधी गोष्ट आहे ही, आणि ती कळायला मला युसुफभाई वाया घालवावा लागला.

पण घर दिलं की सगळे खूश होतील, या भ्रमात राहू नकोस. बर्मिंगहॅमच्या आदिल रे यांनी ‘सिटिझन खान’ केली. बीबीसीवर २०१२ ते २०१६. स्पार्कहिलमधला पाकिस्तानी बाप, बायको, मुली, सोफा, सगळं घरातलंच. पहिल्याच भागात बापाची चाहूल लागताच मुलगी डोक्यावर घाईघाईनं हिजाब ओढते आणि कुराण वाचल्याचा आव आणते. शेकड्यांनी तक्रारी गेल्या. धर्माची टवाळी केली म्हणून काहीजण चिडले, मुसलमानाचं जुनंपुराणं चित्र रंगवलं म्हणून काहीजण. आता मला सांग, बापाच्या पावलाचा आवाज ऐकून पुस्तक बदलणारी पोर कुठल्या घरात नसते? आमच्या घरी मी कादंबरीवर भूगोलाचं पुस्तक ठेवायचो. तक्रार करणाऱ्यांचं दुखणंही मी झटकून टाकत नाही. ज्यांची एकच मालिका असते, त्यांना त्या एका मालिकेत आपलं सगळं चांगलं दिसावंसं वाटतं. तुझ्या भावाचं तेच चाललंय. ‘आपलीच खिल्ली कशाला?’ असं तो म्हणाला, म्हणून तू दुसरा मसुदा लिहिलास. भावाला दुखवू नकोस, पण त्याच्यासाठी लिहूही नकोस.

कॅनडाच्या झरका नवाझ बघ. २००७च्या जानेवारीत त्यांची ‘लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी’ सुरू झाली. पहिलाच भाग वीस लाखांवर लोकांनी पाहिला. विमानतळावर तरुण इमाम आईशी फोनवर बोलतोय, ‘ही अल्लाची इच्छा’ वगैरे, मागची बाई घाबरते आणि त्याला पोलीस धरतात. हा विनोद गाजला. पण मला विचारशील तर खरं काम दुसऱ्या भागात आहे. मशिदीत बायका आणि पुरुष यांच्यामध्ये आडोसा लावायचा की नाही, यावरून जमातीतच भांडण लागतं. लावा म्हणणारा मुसलमान, नको म्हणणारी डॉक्टर मुलगी मुसलमान, डोक्यावर रुमाल बांधणारी, आणि मधे अडकलेला इमामही मुसलमान. पहिल्या भागात बाहेरच्यांची भीती आहे, दुसऱ्यात घरातलं भांडण आहे. माणसं ओळखीची होतात ती भांडणात. आपल्याकडं एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड लिहिलं, त्यातही दोघं एकमेकांच्या घरातली धुणी बाहेर काढतात, चांगले पोट भरून भांडतात आणि मग गळ्यात पडतात. शेजाऱ्याच्या घरात जाऊन आल्याशिवाय असं भांडता येत नाही.

आणि तू? तुझ्याकडं तर घर आहे! गेल्या महिन्यात फोनवर तू मिरजेच्या दादीचा किस्सा सांगितलास. रमजानमध्ये सेहरी चुकू नये म्हणून दादीनं घड्याळ पाऊण तास पुढं करून ठेवलं आणि कुणाला सांगितलंच नाही. अख्खी गल्ली उठवली. सगळे जेवून बसले आणि अजान काही होईना. मग दादी दारात उभी राहून म्हणाली, ‘मैंच उठाई तो उठे ना सब?’ सांगताना तू हसून हसून बेजार झालीस. मी इथं डोळे पुसत होतो. तो किस्सा तुझ्या दोन्ही मसुद्यांत कुठं आहे? विचारलं तर म्हणालीस, ‘ते कुणाला कळणार सर?’

मला राग आला तो या वाक्याचा. कुणाला कळणार म्हणजे काय? घड्याळ पुढं करणारी म्हातारी महाराष्ट्राला कळणार नाही? काकड्याला चार वाजता अख्खं घर उठवणाऱ्या माझ्या आजीच्या शेजारी तिला बसव, दोघी तासभर एकमेकींचं कौतुक करतील. आणि दादीच्या तोंडातला तो ‘च’ बघ. ‘मैंच’ मधला. तो मराठीतून दखनीत गेलाय. ‘नक्को’ गेलाय तसा. तुमच्या घराची भाषा आमच्या भाषेच्या मांडीला मांडी लावून बसलीय आणि तू खालाला लखनौची ‘तौबा तौबा’ बोलायला लावतेस. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते. अत्तार, तांबोळी, बागवान, मणेर, शिकलगार, नदाफ, मुजावर. नुसती आडनावं वाचली तरी बाजारपेठ उभी राहते. पाटील आणि इनामदारही आहेत. आणि टीव्हीवर? रहीमचाचा. आडनाव नाही, गाव नाही, घर नाही.

माझ्यावरही उलटून येशील, ठाऊक आहे. ‘तुम्ही का नाही दिलं घर? तुमच्या हातात होतं.’ होतं. पण महिन्याला वीस-बावीस भाग, रात्री अकराला फोन, सकाळी सातला शिफ्ट. टीआरपीचा आकडा खाली आला की पहिली गदा लेखकावर. मुलीची फी, घराचा हप्ता. आणि खरं सांगतो, त्या काळात युसुफभाई रोज लोकांच्या घरात जात होता हेही काही कमी नव्हतं. त्याला हटवा असा निरोप एकदा आला होता, तेव्हा मी भांडलो होतो. लेखणी ठेवीन म्हणालो होतो. तो राहिला तो माझ्यामुळं. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय, आज तुलाही सांगितलं. ते खोटं नाही. पण ड्रेसदादांचं बोलणं ऐकल्यावर मालिका आणखी सात महिने चालली आणि त्या सात महिन्यांतही मी युसुफभाईला खोली दिली नाही. तेव्हा वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही. आर्ट डायरेक्टरनं दोनदा विचारलं होतं. मला भीती वाटली. घरात शिरलो तर काहीतरी चुकेल, कुणीतरी दुखावेल. ती भीती तुला नसायला हवी. तू त्या घरात वाढलीस.

नोकरी सोडू नकोस. सोडलीस तर तुमच्या लेखकांच्या खोलीत उरलेले सातजण खालाला परत पान देतील. पण ‘तुमच्यातलं’ तेवढंच लिहिणारी म्हणूनही राहू नकोस. कुलकर्ण्यांचं भांडणही माग, सरपंचाचं स्किटही माग. त्यांनी तुझी घरं लिहायची आणि तू त्यांची लिहायची नाहीस, असं कुठं ठरलंय?

आता काम सांगतो. दोन्ही मसुदे बाजूला ठेव. कागद घे आणि मिरजेच्या घराचा नकाशा काढ, हातानं, कसाही वेडावाकडा. दादीची खाट कुठं, घड्याळ कुठल्या खिळ्याला, सेहरीची भांडी कुठल्या फळीवर, दार उघडल्यावर पहिलं कोण दिसतं. दादीचा आणि तुझ्या आईचा शीरखुर्मा दाट की पातळ यावरून जो वाद आहे म्हणालीस, तो कुठं उभं राहून होतो तेही लिही. मी बुधवारी गोरेगावला येतोय. दुपारी तीनला कँटीनमध्ये भेट. नकाशा घेऊन ये, आणि खाला कितव्या मजल्यावर राहते ते ठरवून ये.

तुझा,
सर