वाचकांचे प्रश्न : आधी पायरी मोजा, मग गवंडी बोलवा

दिव्यांग व्यक्तींना कामावर घेण्याबद्दल लहान दुकानं, कार्यालयं आणि कारखाने चालवणाऱ्या वाचकांकडून बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच निवडून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचं बाइंडिंग आणि छपाईचं दुकान आहे. हिशेबाच्या कामासाठी एक मुलगी येऊन गेली, तिचं काम आम्हाला पसंत आहे. ती व्हीलचेअर वापरते. दुकानाला रस्त्यापासून तीन पायऱ्या आहेत, एकूण उंची १८ इंच. गवंडी म्हणतो, चार फुटांत उतार काढून देतो, स्कूटरसुद्धा चढेल. करून घ्यावा का? – वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नको. स्कूटरला इंजिन असतं. व्हीलचेअर दोन हातांच्या जोरावर चढते. तुमच्या गवंड्याने सांगितलेल्या उतारावर ती चढताना मागे कलंडेल आणि उतरताना हाताबाहेर जाईल. हिशेब सोपा आहे : एक इंच उंचीला निदान एक फूट लांबी, म्हणजेच १:१२. तुमच्या १८ इंचांना १८ फूट लागतील. तेवढी जागा पेठेतल्या दुकानासमोर नसते, आणि फूटपाथवर उतार काढणं हा उपाय नव्हे. ती जागा महापालिकेची आहे, शिवाय काठी घेऊन चालणारा अंध माणूस तिथेच अडखळेल.

म्हणून इमारतीची सगळी दारं मोजून घ्या. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींना बहुधा बोळातून किंवा पार्किंगमधून मागचं दार असतं. तिथे सहा इंचांची एकच पायरी असेल तर सहा फुटांच्या रॅम्पने काम होतं, आणि तो अॅल्युमिनियमचा, उचलून ठेवता येणाराही मिळतो. मात्र मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या खिशात, असं होता कामा नये. ज्या दाराने ती येणार, ते ती येण्याआधी उघडं हवं आणि तिथपर्यंतची वाट खोके आणि रद्दीने अडलेली नको. मागे दारच नसेल तर जेमतेम एक व्हीलचेअर मावेल एवढी, खालून वर उचलणारी छोटी लिफ्ट बसवता येते. ती घेताना वीज गेल्यावर खाली कशी उतरते, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करवून बघा.

रॅम्प पक्का बांधणार असाल तर रुंदी १२०० मिलिमीटर ठेवा. दोन्ही बाजूंना कठडा हवा, ७०० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर. कडेला दोन-तीन इंचांची वरंडी काढा, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. वर पोचल्यावर दारासमोर पाच फूट सपाट जागा लागते. बहुतेक ठिकाणी हीच राहून जाते. उतारावर थांबून एका हाताने दार ओढायला गेलं की खुर्ची मागे सरकते. फरशी पॉलिशची नको, आषाढात ती तेलासारखी होते. न घासलेली, खरबरीत शहाबादी फरशी किंवा खाचांच्या टाइल्स घ्या.

आता रॅम्पच्या पायथ्याशी खाली बसून बघा. पावसाच्या पाण्यासाठी तिथे जाळी असतेच. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान आणि अरुंद असतात. जाळीची फट १२ मिलिमीटरपेक्षा मोठी असली, किंवा लांबट फटी चाकाच्या दिशेनेच असल्या, की चाक त्यात रुततं आणि बसलेली व्यक्ती तोंडावर पुढे येते. फटी आडव्या ठेवा. शटरच्या खालच्या पट्टीकडेही असंच बघा. अर्ध्या इंचापेक्षा वर आलेली असेल तर दोन्हीकडून सिमेंटचा हलका उतार द्या.

दाराची मोकळी वाट ९०० मिलिमीटर हवी. ‘तीन फुटी दार आहे’ म्हणतात तेव्हा बाहेरून बाहेर चौकट मोजलेली असते. चौकटीच्या दोन बाजू आणि उघड्या दाराची जाडी वजा केली की हातात अडीच फूट उरतात. दार नव्वद अंशांत उघडून आतली वाट मोजा.

स्वच्छतागृह शेवटी आठवतं, पण नोकरी टिकणं त्यावर ठरतं. पूर्ण सोयीच्या खोलीला साधारण २२०० बाय २००० मिलिमीटर जागा लागते. तेवढी नसेल तर निदान दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, उंबरठा काढा, कमोडची बैठक १८-१९ इंचांवर आणा आणि बाजूला पकडायला दांडी बसवा. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत प्लास्टिकच्या गुट्ट्यांवर बसवलेली दांडी वजन आलं की उपटून येते. तिथे आरपार बोल्ट आणि मागे पट्टी हवी.

आणि हे सगळं ठरवण्याआधी त्या मुलीला एकदा बोलवा. तिच्या खुर्चीची रुंदी, तिला खुर्चीतून कमोडवर कोणत्या बाजूने जाता येतं, टेबलाखाली गुडघे किती उंचीवर बसतात, हे तिलाच ठाऊक. दांडी चुकीच्या बाजूला बसवून पुन्हा भिंत फोडलेली ठिकाणं कमी नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे १४ माणसं आहेत, लेथ आणि पॉवर प्रेसवर काम चालतं. आयटीआय झालेला एक कर्णबधिर मुलगा अर्ज घेऊन आला आहे. हात चांगला आहे. पण अपघाताची भीती वाटते, आणि त्याच्याशी बोलायचं कसं? – लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : प्रेसवर बोट जातं ते गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, काढून ठेवल्यामुळे. ऐकू येण्याशी त्याचा संबंध नाही. गार्ड आणि दोन्ही हातांनी दाबायची बटणं सगळ्यांसाठी चालू आहेत ना, ते आधी बघा. कर्णबधिर कामगाराला खरा धोका पाठीमागून येतो : फोर्कलिफ्ट, क्रेनला लटकलेला माल, आगीचा भोंगा. त्याचं मशीन असं लावा की त्याची पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडे नसेल. जमत नसेल तर समोर गोल आरसा बसवा. भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा लावा, तोही स्वच्छतागृहात आणि स्टोअरमध्ये धरून, कारण आग लागेल तेव्हा तो मशीनपाशीच असेल असं नाही. प्रत्येक शिफ्टला एका माणसाकडे त्याला बाहेर काढायची जबाबदारी नाव घेऊन द्या. ‘कोणीतरी सांगेल’ म्हटलं की कोणीच सांगत नाही.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा तीन रंगांचा दिवा बऱ्याच वर्कशॉपमध्ये कित्येक वर्षं बंद असतो, कारण बाकीच्यांचं बझरवर भागतं. तो दुरुस्त करा. टूल बोथट झाल्याचा आवाज त्याला येणार नाही, पण हाताला कंप कळतो आणि मशीनवरचा ताण दाखवणाऱ्या लोड मीटरचा काटा दिसतो. किती आकड्यावर थांबायचं, तिथे रंगाने खूण करा.

चालू मशीनवर हात असताना मागून खांद्याला हात लावू नका. दचकून हात आत जातो. त्याच्या नजरेत येऊन थांबा. त्याला श्रवणयंत्र असेल तर ते कानाचं संरक्षण नव्हे, उलट ते गोंगाटही वाढवतं. आवाजाच्या जागी श्रवणयंत्र बंद करून वर इअरमफ घालायला हवा.

बोलण्याचं म्हणाल तर ओरडून उपयोग नाही, आणि सगळ्यांनाच ओठांवरून कळतं असंही नाही. लिहून द्यायचं तर वाक्यं छोटी ठेवा. खुणांच्या भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे, त्यामुळे लांबलचक मराठी वाक्य चांगल्या हुशार मुलालाही अडतं. बरोबर झालेला जॉब (मशीनवर बनवलेला भाग), रिजेक्ट झालेला जॉब आणि मधे बोट दाखवलेली चूक, असे तीन फोटो पानभर सूचनांपेक्षा लवकर कळतात. अँड्रॉइड फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. शांत खोलीत ते चालतं, प्रेसच्या आवाजात चालत नाही. पहिल्या दिवशीचं सुरक्षेचं प्रशिक्षण आणि पगार-रजेची बोलणी मात्र दुभाष्यासोबतच करा. बाकी वीस-तीस खुणा त्याच्याकडूनच सगळ्यांनी शिकून घ्या : थांब, बंद कर, माप बघ, चहा. चहाच्या सुट्टीत रोज एकटं बसावं लागलं तर पगार चांगला असूनही माणूस टिकत नाही, आणि का गेला हे मालकाला कळतही नाही.

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात पूर्ण अंध बी.कॉम. मुलगा काम करू शकेल का? मोठा मॉनिटर घ्यावा लागेल का? – वाचक, कोथरूड

उत्तर : करू शकेल. पूर्ण अंध व्यक्तीला मॉनिटरचा उपयोगच नाही. तो अंशतः दृष्टी असलेल्यांना लागतो. त्याला लागेल स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए हे मोफत आहे, मराठीही वाचतं, आणि एक्सेलवर त्याचं चांगलं चालतं. खरी अडचण तुमच्या फायलींत आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतली मराठी स्क्रीन रीडरला रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून ऐकू येते. यापुढे सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. स्कॅन केलेली बिलं हे त्याच्या दृष्टीने नुसतं चित्र. पक्षकारांकडून शक्य तिथे मूळ एक्सेल किंवा पीडीएफ मागवा. चित्रातला कॅप्चा भरायला दोन मिनिटं कोण देणार, हे ठरवून ठेवा. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याला कामावर घेण्याआधी त्याच्याकडूनच तासभर चालवून बघा. माउसशिवाय कुठे अडतं ते तिथेच कळेल.

जागेत खुर्च्या आत सरकवलेल्या, कपाटाची दारं पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी. अर्धवट उघडं दार काठीला लागत नाही, कपाळाला लागतं. सामानाची जागा हलवली की त्याला सांगायचं.

प्रश्न : घरगुती फराळाच्या युनिटमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पॅकिंगला घ्यायचं आहे. कसं शिकवावं? – वाचक, धायरी

उत्तर : ‘चिवडा भर’ ही एक सूचना नाही, त्यात आठ कामं आहेत : टोपी, हात धुणं, पिशवी उघडणं, काट्यावर ठेवणं, भरणं, वजन बघणं, सील करणं, खोक्यात ठेवणं. प्रत्येकाचा फोटो भिंतीवर क्रमाने लावा. पहिले काही दिवस एकच काम द्या, ते बसलं की पुढचं. आकडे वाचता येत नसतील तर काटेवाला तराजू घ्या आणि २५० ग्रॅमवर हिरवी पट्टी चिकटवा. मोजणीसाठी बारा खणांचा ट्रे : खण भरले की डझन झाला. शिकवणारी व्यक्ती रोज तीच ठेवा. तीन ताई तीन तऱ्हेने सांगू लागल्या की मुलगा गोंधळतो आणि ठपका त्याच्यावर येतो. सीलिंग मशीन शेवटी. आणि पगार बाकीच्यांसारखा, ठरलेल्या तारखेला, त्याच्या हातात किंवा खात्यात.

प्रश्न : आमच्यासारख्या १० ते १५ माणसांच्या दुकानाला कायदा लागू होतो का? प्रमाणपत्र मागावं का? – वाचक, लक्ष्मी रस्ता

उत्तर : होतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार येतात. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचं आहे. २० पेक्षा कमी माणसं असली तर आपण कोणत्या सोयी देतो एवढं त्यात लिहायचं, २० किंवा जास्त असली तर पदं, निवड, प्रशिक्षण वगैरे तपशील वाढतात. त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते, आणि ते कार्यालय पुण्यातच आहे.

प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तींचं सरकारी ओळखपत्र) मागा ते सवलतींसाठी. कार्डावरची पट्टी दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरी, ४० ते ८० पिवळी, त्यावर निळी. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) पगारमर्यादा दिव्यांग कर्मचाऱ्याला २१,००० ऐवजी २५,००० रुपये आहे. कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व असेल तर प्रमाणपत्रावर व्यवसाय करही माफ होतो, तरी अनेक ठिकाणी तो सवयीने कापला जातो. मार्चच्या आधी पगारपत्रक तपासा. कार्डाची प्रत फाइलीत बंद ठेवा, ती सूचना फलकावर किंवा ग्रुपवर टाकायची गोष्ट नाही. आणि मुलाखतीत ‘हे कशामुळे झालं?’ विचारू नका. ‘हे काम करायला तुम्हाला काय लागेल?’ एवढं विचारा आणि उत्तर लिहून घ्या.